कमळाच्या पाकळ्या आणि आतली मुलगी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, की आठवड्याभरात स्नेहसंमेलनाचं वारं वाहू लागतं. मग कुणाची मुलगी वारकरी होते, कुणाचा मुलगा मावळा होतो आणि ज्यांच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही ती मुलं झाड, फूल नाहीतर ढग होतात. आमची धाकटी नेहमी फूल होते. आवाज बारीक, स्वभाव लाजरा, म्हणून तिला मागच्या रांगेत उभी करतात आणि मागच्या रांगेला हमखास फुलांचा पोशाख असतो. तेव्हा मैत्रिणींनो, कापडाच्या पाकळ्या करण्याच्या कामात मी आता चांगली मुरले आहे. पण आधी तोंडावर आपटले आणि मग मुरले, ते आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी धाकटी गुलाब झाली होती. मी हौसेनं बाजारातून गुलाबी ऑर्गंझा आणला. पाकळ्या कापल्या, त्यांच्या कडा मेणबत्तीवर धरून वितळवल्या. अशा कडा छान वळतात आणि धागेही सुटत नाहीत. प्रत्येक पाकळीत बारीक तार घातली, म्हणजे ती ऐटीत उभी राहील. तीन रात्री जागले. एकदा वितळलेला थेंब बोटावर पडून चिकटला, तो फोड आठवडाभर मिरवला. (असा चटका बसला तर हात लगेच नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली धरावा, चांगली वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये. चिकटलेलं प्लॅस्टिक ओढून काढू नये, ते डॉक्टरांकडे काढून घ्यावं.) पोशाख मात्र असा झाला होता, की दारात उभ्या असलेल्या बायका म्हणाल्या, "अगंबाई, विकतचा का?" मी फुगून गेले. ह्यांनी फोटोही भरपूर काढले.

रात्री घरी येऊन पोशाख उतरवला, तर पोरीच्या मानेवर आणि कानामागे लाल ओरखडे. वितळून थंड झालेली कडा काचेसारखी कडक होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एके ठिकाणी तारेचं टोक बाहेर आलं होतं, तिथे रक्त साकळलं होतं.

"इतकं टोचत होतं, तर बोलली का नाहीस गं?"

"तू रात्री जागून केलं होतंस ना."

तो पोशाख मी दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या नजरेआड माळ्यावर टाकला आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन पोरीजवळ बसले. तेव्हापासून एक ठरवून टाकलं. पाकळी दुरून बघणाऱ्यांसाठी असते हे खरं, पण ती घालून तासभर काढायचा असतो तो आतल्या मुलीला. आधी तिला विचारायचं, मग कात्री चालवायची.

यंदा माझ्यावर एकट्या लेकीची नाही, तर बारा मुलींची वेळ आली. मी शाळेत आठवड्यातून तीन दिवस मराठी आणि कार्यानुभव शिकवते. कार्यानुभवाची बाई म्हणजे कात्री आणि डिंकाचं सगळं काम तिच्या गळ्यात. चौथीच्या नाचात बारा मुली कमळं होणार होत्या. पोशाख भाड्यानं आणायचं ठरत होतं. एका मुलीला साडेचारशे रुपये भाडं, वर पाचशे अनामत. डाग पडला की अनामत गेली. दुसऱ्याच दिवशी एका मुलीनं घरून चिठ्ठी आणली : "मुलीला बरे नसते, तिला नाचातून कमी करावे." मुलगी पहिल्या बाकावर बसून बोरं खात होती! तिची आई आमच्याच आळीच्या तोंडाशी इस्त्रीचं टेबल लावते. न बरं असण्याचं कारण मला कळायचं ते कळलं.

मी तावातावानं मुख्याध्यापिकाबाईंना सांगून आले, "पोशाख आम्ही करू." जिना उतरेपर्यंत घाम फुटला. बारा मुली, प्रत्येकीच्या कमरेला दहा मोठ्या पाकळ्या आणि गळ्याशी आठ लहान. करा हिशेब. दोनशे सोळा पाकळ्या!

आता कामाचं सांगते. आधी फूल नीट बघून घ्यावं. आमच्या साताऱ्याकडच्या मुलींना कमळ काढायला सांगितलं तर निम्म्याजणी कासची कुमुदिनी काढतात, ती पांढरी झालरीची इवलीशी फुलं. बाकीच्या काढतात ती पाण्यावर टेकलेली, अरुंद पाकळ्यांची पाणलिली. तिच्या गोल पानाला एक चीर असते. खऱ्या कमळाचं पान अखंड गोल असतं आणि पान काय, फूल काय, पाण्यावर देठ उंचावून उभं राहतं. पाकळी रुंद, होडीसारखी खोलगट आणि टोकाला जरा निमुळती. गुलाबी कमळात रंग टोकाला गडद असतो आणि देठाकडे उतरत जवळजवळ पांढरा होतो. शिरा देठापासून टोकाकडे उभ्या जातात. मधोमध झारीच्या तोंडासारखा चपटा भाग, त्याच्याभोवती पिवळे केसर. एवढं लक्षात ठेवलं तरी कमळ कोबीसारखं दिसत नाही. पाकळ्या अख्ख्या गुलाबी रंगवल्या की हमखास कोबी होतो.

पाकळ्या कशाच्या करायच्या यावर घरात बरीच चर्चा झाली. क्रेपचा कागद स्वस्त, पण घाम लागला की रंग सुटतो. शेजारच्या जाऊबाईंची मुलगी एकदा झेंडू झाली होती, ती चार दिवस पिवळ्या गळ्यानं हिंडत होती. थर्माकोलचं नाव नको, सजावटीतल्या थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदीच आहे. सासूबाई म्हणाल्या, "भेंडाच्या करा, आमच्या वेळी बाशिंगाला भेंडाचीच फुलं असायची." भेंड म्हणजे पाणथळ जागी वाढणाऱ्या झुडपाचा गाभा. बंगालात नवऱ्या मुलाचा टोपर करतात तोही ह्याचाच. हलका खरा, पण मुलगी खाली बसली की मोडणार. तेव्हा कापडच हवं आणि तेही सुती ऑर्गंडी.

मोती चौकात दुकानं पालथी घातली. ऑर्गंडी मागितली की ऑर्गंझाच पुढे टाकतात आणि "एकच हो ताई" म्हणतात. एकच मुळीच नाही. हल्लीचा ऑर्गंझा बहुतेक पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा असतो. शंका आली तर दोन धागे मागून घ्यावेत आणि घरी चिमट्यात धरून पेटवून बघावेत. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. चांगली ऑर्गंडी धुतल्यावरही बऱ्यापैकी ताठ राहते, कारण कारखान्यात तिला आम्लाची प्रक्रिया केलेली असते. मी ४४ इंच पन्ह्याची पांढरी ऑर्गंडी तेरा मीटर घेतली. मुलीमागे एक मीटर आणि एक मीटर माझ्या चुकांसाठी. तो चुकांचा मीटर पहिल्याच दिवशी संपला.

झालं असं, की मी आधी पाकळ्या कापल्या आणि मग त्यांना खळ लावली. वाळल्यावर बघते तर कडांचे धागे सुटलेले, एक पाकळी इकडे वाकडी, एक तिकडे. पापडच जणू. ती थाळी घेऊन मी सरळ इस्त्रीच्या टेबलापाशी गेले. मुलीच्या चिठ्ठीबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, "ताई, खळीतलं तुम्हाला कळतं, माझं काय चुकलं ते सांगा."

त्यांनी एक पाकळी उचलली, उजेडात धरली आणि हसल्या. "बाई, आधी खळ, मग कात्री. उलटं केलंत तुम्ही."

पुढचं सगळं मी त्यांच्याकडून शिकले, तेव्हा त्यांच्याच पद्धतीनं लिहिते. साबुदाणा दोन मोठे चमचे, दोन तास भिजवून एक लिटर पाण्यात शिजवावा. दाणे पूर्ण पारदर्शक होऊन विरघळले पाहिजेत. सुती साडीला लावतो त्यापेक्षा ही खळ घट्ट हवी. मग ती मलमलच्या फडक्यातून गाळायची. गाळण्याचा आळस केला तर कापडावर पांढरे ठिपके दिसतात आणि रंग तिथे चढत नाही. कोमट खळीत अख्खं कापड बुडवून दाबून काढायचं, पिळायचं नाही. दोघींनी दोन टोकं धरून, उभा-आडवा धागा सरळ करून सावलीत वाळत घालायचं. पुरतं वाळू द्यायचं नाही. हाताला गार लागतंय तोवरच इस्त्री फिरवायची. इस्त्रीचा तळ मधून मधून ओल्या फडक्यानं पुसायचा, नाहीतर खळ जळून तपकिरी रेघा उठतात. त्यांच्या कोळशाच्या इस्त्रीखाली ते कापड असं निघालं, की टिचकी मारली तर कागदासारखं वाजत होतं.

मुंबईच्या आणि कोकणातल्या मैत्रिणींनी मात्र एक करावं. दमट हवेत साबुदाण्याची खळ मऊ पडते. तिकडे एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी असं मिश्रण लावलेलं बरं. इस्त्री करताना वर एक जुनं फडकं ठेवायला विसरू नये.

आता कापणी. वर्तमानपत्राचा नमुना करून घ्यावा. मोठी पाकळी लांबीला १२ इंच, मधल्या भागात रुंदी ६ इंच, देठाशी अडीच इंच. गळ्याची लहान पाकळी ५ इंच बाय ३ इंच. नमुना कापडावर सरळ ठेवायचा नाही, तिरपा ठेवायचा, ब्लाऊजची तिरपी पट्टी कापतो तसा. तिरप्या कापडाच्या कडेचे धागे सहजी सुटत नाहीत आणि पाकळीला खोलगट आकार देताना कापड थोडं ताणू देतं. कापड जास्त लागतं हे खरं, पण इथे काटकसर करू नये. उरलेल्या तुकड्यांतून लहान पाकळ्या निघतात.

रंगासाठी मी कापडावर रंगवायचा फॅब्रिक कलरच वापरला. तो वाळून उलट्या बाजूनं इस्त्री केली की घामानं सुटत नाही. पाकळी साध्या पाण्यानं किंचित ओली करायची, गुलाबी रंग पाण्यात पातळ करून फक्त टोकाला ब्रशनं लावायचा आणि पाकळी सपाट ठेवून द्यायची. रंग आपोआप ओल्या कापडातून खाली उतरत जातो आणि फिका होत जातो. हे बघत बसणं इतकं छान असतं, की आमचे हे चहा गार होईपर्यंत बघत राहिले. दोन रविवार आमच्या गच्चीवर सात-आठ आया जमल्या होत्या. दोनशे सोळा पाकळ्यांपैकी एक दुसरीसारखी झाली नाही. खऱ्या फुलात तरी कुठे असतात?

आता सर्वांत महत्त्वाचं. तार घालायची नाही, मग पाकळीला जोर कुठून आणायचा? एकीनं खराट्याचे हीर सुचवले. मी नको म्हटलं, हीर मोडला की तोही टोचतोच. याचं उत्तरही इस्त्रीच्या टेबलावर मिळालं. ताईंनी पाकळी उभी दुमडली, घडीवर ओलं बोट फिरवलं आणि इस्त्रीची कड दाबली. उलगडल्यावर मधोमध एक कणा उभा राहिला. साधा कागद हातात धरला तर वाकतो, पण त्याला एक घडी घातली की सरळ उभा राहतो, तसंच. मग त्या कण्याच्या दोन्ही बाजूंना नखानं आणखी दोन-दोन रेघा ओढल्या, त्या शिरांसारख्या दिसतात. देठाशी अर्ध्या इंचाची चीण घालून टाका मारला, की पाकळी खालून खोलगट होते.

पोटाला फुगवटा आणायला स्टीलची पळी घ्यावी. पळीची पाठ मंद गॅसवर काही क्षण गरम करून आधी चिंधीवर टेकवून बघावी. चिंधी पिवळी पडली तर पळी जास्त तापली आहे. पाकळी किंचित दमट करून चौपदरी टॉवेलवर ठेवायची आणि पळीच्या पाठीनं मधून कडेकडे दाबत जायचं. कापड पळीचा आकार धरतं. टोक पेन्सिलीवर गुंडाळून जरासं बाहेर वळवावं. हे काम मोठ्यांनीच करावं. मुलींना मोजणी आणि रंग द्यावा, त्या खूश असतात.

पट्टा दोन इंच रुंद, आत बकरम, वरून हिरवं सुती कापड. मागे नाडी. सेफ्टी पिन एकही नाही. कमरेला पाकळ्या दोन थरांत लावल्या, वरच्या दोन पाकळ्यांच्या फटीत खालची एक येईल अशा. पाकळ्या उलट्या, म्हणजे टोकं खाली, लोंबत्या लावायच्या. पहिल्यांदा एक आई म्हणाली, "अहो, हे कमळ कोमेजलेलं दिसतंय." तिला म्हटलं, थांबा. मुलीला मांडी घालून बसवलं. ताठ पाकळ्या जमिनीला टेकून चहूकडे उघडल्या, वळवलेली टोकं वर आली आणि मधे मुलगी! गच्चीवरच्या सगळ्याजणी एकदम गप्प झाल्या. नाचात मुली उभ्या असताना कळ्या आणि बसल्या की फुलं, हे आम्हाला आयतंच मिळालं.

गळ्याच्या पाकळ्या गालाकडे उभ्या लावल्या नाहीत, खांद्याकडे पसरवल्या. आतून मलमलचं अस्तर लावलं आणि प्रत्येक कड मी माझ्या स्वतःच्या मानेवरून फिरवून पाहिली. मग बाराही जणींची परीक्षा घेतली. हात वर, मान डावीकडे, मान उजवीकडे, खाली बस, ऊठ, पळ. आणि नाडी एका हातानं सुटते का ते बघितलं, कारण ऐनवेळी बाथरूमला जायचं असतंच. प्रत्येकीला एकटीला बाजूला घेऊन विचारलं, "कुठे टोचतंय का?" चारचौघीत विचारलं तर मुली नाहीच म्हणतात. दोघींनी दाखवलं. एकीच्या अस्तराची शिवण जाड आली होती, एकीला नाडी काचत होती. दोन्ही उसवून पुन्हा शिवलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग कळलं, की नाचाच्या शेवटी बाराही मुली कमळात बसून ओंजळीत पेटती पणती धरणार. नाच बसवणाऱ्या बाई तरुण, हौशी, मुलींवर जीव टाकणाऱ्या. म्हणाल्या, "तुमच्या पाकळ्या सुती आहेत ना, वितळणार नाहीत." मलाही आधी तसंच वाटलं. थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू?

तरी रात्री झोप येईना. मागच्या अंगणात परातीत पाणी घेतलं, मुलांना आत पाठवलं आणि लांब चिमट्यात आधी माळ्यावरच्या गुलाबाची जुनी पाकळी धरली. ती आक्रसली, वितळली, जळते थेंब पाण्यात चर्र करून पडले. मग माझी सुती पाकळी धरली. ती वितळली नाही. ज्योत लागताक्षणी भस्सकन पेटली आणि मी "अगंबाई" म्हणेपर्यंत संपली. विरळ, हलकं कापड ते, चहूकडून हवा लागलेलं. माझं पितळ उघडं पडलं. कापड सुती आहे एवढ्यावर निश्चिंत राहून मी बारा पोरींच्या मांडीवर हेच पसरून देणार होते.

दुसऱ्या दिवशी परात आणि चिमटा पिशवीत घालून शाळेत गेले. मधल्या सुट्टीत मागच्या पटांगणात मुख्याध्यापिकाबाईंना आणि नाचाच्या बाईंना एक-एक पाकळी जाळून दाखवली. कुणी काही बोललं नाही. मग मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "पणत्या नकोत." नाचाच्या बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याच बॅटरीच्या पणत्या घेऊन आल्या आणि अंधारात त्या तितक्याच छान दिसतात हे त्यांनीच मला दाखवलं. उद्घाटनाची समईही दीपप्रज्वलन झाल्यावर रंगमंचावरून उचलून बाहेर ठेवायला सांगितलं. विंगेत मुली दाटीवाटीनं उभ्या असतात, पाकळ्यांचा घेर त्यांच्या लक्षात राहत नाही. तुमच्याकडे संमेलन असेल तर एवढी एक गोष्ट आधी बघून घ्या. माझ्यासारखं रात्री आठवायला नको.

नाच चांगला झाला. एकीचा पट्टा मागून पुढे आला आणि ती नाडी पुढे घेऊनच नाचली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. चिठ्ठीवाली मुलगी पुढच्या रांगेत होती. तिच्या आईनं त्या संध्याकाळी टेबल बंद ठेवलं होतं. सगळा खर्च एका मुलीमागे एकशे ऐंशी रुपये आला. इस्त्रीचे पैसे ताईंनी घेतले नाहीत, तेव्हा आम्ही त्यांच्या मुलीची वर्गणी परस्पर वळती केली. यावर त्या थोड्या रागावल्या, मग म्हणाल्या, "बरं, फिटलं."

पोशाख पुढच्या वर्षासाठी जपायचे असतील तर एक सांगून ठेवते. खळीसकट गुंडाळून ठेवू नका. साबुदाणा झुरळांना आणि कसरीला फार आवडतो, वर्षाच्या शेवटी चाळण हाती येईल. पाकळ्या पट्ट्यावरून उसवून साध्या पाण्यात खळ धुऊन काढाव्यात, वाळवून जुन्या सुती फडक्यात सपाट ठेवाव्यात. पुढच्या वेळी नव्यानं खळ, नव्यानं कणा. आम्ही तसंच केलं. मोजताना दोनशे सोळाच्या जागी दोनशे चौदाच भरल्या. राहिलेल्या दोन कुणाच्या दप्तरात आहेत, त्यातली एक कुणाच्या मराठीच्या पुस्तकात दडली आहे, हे मला ठाऊक आहे. मी यादीवर दोनशे चौदा लिहिलं आणि कपाट लावून घेतलं.